एनओआर दिली, धुकं पडलं, होल्ड नापास झाले: लेटाइम नक्की कुठून मोजायचा?

नवा_तांडेल

नमस्कार मंडळी. आधी जहाजावर होतो, आता जहाजमालकांच्या ऑफिसात ऑपरेशन्सच्या टेबलावर बसतो. जहाजावर असताना नोटिस ऑफ रेडिनेस (एनओआर, जहाज माल चढवायला-उतरवायला तयार असल्याची सूचना) म्हणजे कॅप्टन पोहोचल्यावर एक ईमेल टाकतो, एवढंच माहीत होतं. त्या एका ईमेलवर किती भांडणं रंगतात ते इकडे आल्यावर कळतंय.

प्रकरण असं. पाच होल्डचं (मालाच्या कप्प्यांचं) बल्क कॅरियर, व्हॉयेज चार्टर (एका फेरीसाठी भाड्याने), फॉर्म जेनकॉन ९४ (छापील करारनमुना), त्याला रायडर (पुरवणी) कलमांची लांबलचक शेपटी. बर्थ चार्टर आहे, म्हणजे एरवी एनओआर बर्थला (धक्क्याला) लागल्यावरच द्यायची, सोबत विबॉन, म्हणजे बर्थ मिळालेला असो वा नसो, ती देता येते. माल सुटा सोयाबीन. इंग्लिश कायदा, लंडनला आर्बिट्रेशन.

लोडिंग पोर्टला जहाज शनिवारी रात्री पोहोचलं. बर्थवर दुसरं जहाज, म्हणून बाहेर अँकरेजला नांगर टाकला आणि कॅप्टनने रात्री २३.४० ला एनओआर दिली. सहा दिवसांनी बर्थ मोकळा झाला आणि नेमकं धुकं उतरलं. अडीच दिवस पायलटेज बंद. शेवटी जहाज बर्थला लागलं, तर सर्व्हेअरने ३ आणि ५ नंबरचे होल्ड नापास केले: गंजाचे पापुद्रे आणि फ्रेम्सच्या मागे आधीच्या मालाचे दाणे. खलाशांनी खरवडून, धुऊन, वाळवून दीड दिवसाने पास करून घेतले. लोडिंगला करारात दिलेली मुभा, म्हणजे लेटाइम, पाच दिवसांची होती, प्रत्यक्षात साडेचार लागले.

डिस्चार्ज पोर्टला गोदामं भरलेली. २६ दिवस अँकरेजवर. हॅच उघडल्या तेव्हा माल गरम, वरच्या थरात गठ्ठे आणि बुरशी. रिसीव्हरने बिल ऑफ लेडिंगच्या (माल चढवल्याच्या पावतीच्या) आधारे आमच्यावर दावा ठोकलाय आणि आमचा पी अँड आय क्लब (जहाजमालकांचा विमा-संघ) तडजोडीची बोलणी करतोय.

चार्टरर (जहाज भाड्याने घेणारे) म्हणतात, होल्ड नापास म्हणजे एनओआर मुळातच रद्द. लोडिंग पोर्टला लेटाइम सुरूच झाला नाही, तेव्हा पाचही दिवस वाचले, उलट तुम्हीच आम्हाला डिस्पॅच, म्हणजे वाचलेल्या वेळेचे पैसे, द्या. धुकं तुमच्या माथी. आणि बुरशीचं आमच्याकडे मागू नका, डिस्चार्ज पोर्टचं डेमरेज (मुभेपलीकडच्या उशिराची ठरलेल्या दराने भरपाई) मिळणारच आहे ना. आमचे डायरेक्टर म्हणतात, सगळं वसूल करा, अँकरेजचे दिवस, धुकं, बुरशी, सगळं.

डेमरेजच्या दाव्याला ९० दिवसांची मुदत आहे. डिस्चार्ज संपून ६१ दिवस झालेत. आमचं लेटाइम स्टेटमेंट आणि इन्व्हॉइस गेलंय. कोण बरोबर?

---

शिट्टी_तीनदा

कायदा मला विचारू नका, तो सांगायला इथे लोक आहेत. कॅप्टन म्हणून दोन गोष्टी.

रात्री पावणेबाराला दिली म्हणून एनओआर बाद होत नाही. असले आक्षेप चार्टररचे एजंट दर ट्रिपला घेतात. ऑफिस उघडलं की ती लागू होते, बस्स.

दुसरं, होल्ड पास झाल्यावर तुमच्या कॅप्टनने नवीन एनओआर दिली का? "आधीच्या नोटिसला बाधा न येता" असं लिहून? मी तर नांगर टाकल्यावर एक, बर्थला लागल्यावर एक, होल्ड पास झाल्यावर एक, अशा देत सुटायचो. एजंट हसायचे. हसू देत. ईमेलला पैसे पडत नाहीत.

स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स, म्हणजे बंदरातल्या घडामोडींची वेळेनुसार नोंद, बारकाईने वाचा. एजंटने "एनओआर अ‍ॅक्सेप्टेड" लिहिलंय की "रिसीव्ह्ड", खाली काही शेरा मारलाय का, आणि कॅप्टनने न बघता सही केलीय का. सेलिंगच्या घाईत गँगवे उचलायच्या आधी एजंट कागद पुढे करतो आणि आपण ठोकतो सही. भांडण तिथेच हरलेलं असतं.

---

खतावणी

नवा_तांडेल, प्रश्न नीट मांडलास, म्हणून नीट उत्तर देते. आयुष्य डेमरेजच्या दाव्यांत गेलंय, बहुतेक मालकांच्या बाजूने, पण तुझ्या डायरेक्टरांना आवडेल असं काही सांगेन याची खात्री देत नाही.

आधी रात्रीची एनओआर. कॅप्टनसाहेब म्हणतात ते खरं. 'पेत्र श्मिट' नावाच्या टँकरच्या खटल्यात नोटिस ठरलेल्या तासांबाहेर दिली होती. इंग्लिश कोर्टाने सांगितलं, नोटिसमधला मजकूर खरा असेल तर ती रद्द नाही, ठरलेली वेळ सुरू झाली की ती दिली असं धरायचं. तुझी नोटिस शनिवारी रात्रीची, म्हणजे ऑफिस उघडेल तेव्हाची. जेनकॉनमध्ये बारापर्यंत दिलेल्या नोटिसवर लेटाइम दुपारी एकपासून चालू होतो, बारानंतर दिली तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी सहापासून. तुमच्या स्टेटमेंटमध्ये शनिवारी रात्रीपासून मोजलं असेल तर तेवढं आधी दुरुस्त कर. असली चूक समोरच्याला दिसली की तो बाकीचे आकडेही कुचकट नजरेने बघतो.

आता जहाज कुठे उभं होतं हे बघ. इथे आपल्या कानाला गोड वाटेल असा एक खटला आहे, 'मराठा एन्व्हॉय'. हाउस ऑफ लॉर्ड्स (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय), १९७७. जर्मनीतल्या वेझर नदीवरच्या बंदरांत माल उतरवायचा होता, जागा नव्हती, म्हणून जहाज वेझर लाइटशिपपाशी थांबलं. ती जागा बंदराच्या हद्दीबाहेर. मालकांनी शक्कल लढवली: जहाज नदीतून वर ब्राकेपर्यंत नेलं, तिथून एनओआर दिली, वळवलं आणि परत लाइटशिपला आणून उभं केलं. लॉर्ड्सनी ते काही मानलं नाही. जहाज बंदरात "पोहोचलं"च नव्हतं, लेटाइम सुरू नाही. नाव मराठा, पण गनिमी कावा कामी आला नाही. तुझ्याकडे मात्र जेनकॉन ९४ चं सहावं कलम आहे. बर्थ रिकामा नसेल तर जहाज बंदरात "किंवा बंदराबाहेर" पोहोचल्यावर नोटिस देता येते. तेव्हा अँकरेज हद्दीच्या आत की बाहेर, या वादात पडू नकोस.

धुक्याबद्दल चार्टरर तुला 'किझिकोस' तोंडावर फेकतील. ह्यूस्टनला जहाज पोहोचलं, बर्थ मोकळा होता, पण धुक्यामुळे पायलट नाही. लॉर्ड्स म्हणाले, विबॉन हे बर्थ भरलेला असण्यापुरतं आहे, हवामानापुरतं नाही. पण तिथे बर्थ पहिल्यापासून मोकळा होता! तुझ्याकडे पोहोचताना बर्थ भरलेला होता, नोटिस त्या आधारावर दिली, लेटाइम चालू झाला. चालू झालेला लेटाइम करारात लिहिलेल्या अपवादाशिवाय थांबत नाही. धुकं त्यानंतर आलं. तुझ्या करारात "वेदर वर्किंग डे" (हवामानाने काम थांबलं तर तो वेळ न धरणं) असेल तर ते विचारतील, बर्थला असतं तर धुक्याने लोडिंग थांबलं असतं का? 'दाराह'च्या निकालापासून रांगेतल्या वेळेलाही लेटाइमचेच अपवाद लावतात. धुक्यात धान्याचं लोडिंग सहसा थांबत नाही. त्या अडीच दिवसांत शेजारच्या बर्थवरचं जहाज भरत होतं का, ते एजंटकडून लेखी मागव. हा पुरावा कुणी गोळा करत नाही आणि पुढे हळहळतात. अँकरेजवरून बर्थपर्यंत जायला लागलेला वेळ तेवढा वजा कर, तो जेनकॉनमध्ये धरतच नाहीत.

म्हणजे धुकं तुझ्या बाजूने. पण हे सगळं एनओआर खरी असेल तर. खरी गोम होल्डमध्ये आहे.

मूळ नियम कडक आहे. 'त्रेस फ्लोरेस', १९७० चा नोव्हेंबर, वार्ना बंदर, माल मका. जहाज वाईट हवेमुळे बाहेर थांबलेलं, नोटिस दिलेली. नंतर तपासणीत होल्डमध्ये कीड निघाली. धुरी द्यायला लागले फक्त साडेचार तास. तरी कोर्ट ऑफ अपील म्हणालं, नोटिस दिली तेव्हा जहाज तयार नव्हतं, म्हणून नोटिस पोकळ, रांगेतले सगळे दिवस मालकांच्या खात्यात. साडेचार तासांसाठी आठवडाभर गेला. चार्टरर तुला हाच नियम ऐकवताहेत.

त्या नियमाला वळसा घालणारं एक वाक्य जेनकॉनमध्ये आहे. कॅप्टनने जहाज तयार असल्याची हमी द्यायची, लेटाइम चालू, आणि तपासणीत नापास झालंच तर नापास झाल्यापासून पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ तेवढा वजा. अशाच धर्तीच्या कलमावर 'लिनार्डोस' आहे, १९९४. रिचर्ड्स बे, कोळसा, होल्डमध्ये पाणी आणि गंज, नापास, दुसऱ्या दिवशी पास. न्यायाधीशांनी कलम जसं लिहिलंय तसं वाचलं: नोटिस खरी, वाया गेलेला वेळ फक्त वगळा. अट एकच, कॅप्टनने नोटिस प्रामाणिकपणे दिलेली असावी. ३ आणि ५ घाण आहेत हे ठाऊक असताना ठोकून दिलेली नको. तेव्हा चीफ ऑफिसरचा होल्ड क्लीनिंगचा रिपोर्ट आणि पोहोचण्याआधीचे फोटो काढून ठेव. ३ नंबरचा फोटोच नसेल तर मला कळव, म्हणजे मी आधीच कपाळाला हात लावून घेईन.

या हिशेबाने दीड दिवस तुझा गेला, बाकी सगळं तुझं. पण रायडर वाचल्याशिवाय यातलं एक अक्षर डायरेक्टरांना सांगू नकोस. धान्याच्या करारांत होल्डबद्दल स्वतंत्र कलम नसलं तर मला नवल वाटेल. ते शब्दन् शब्द इथे टाक.

बुरशीवर रात्री लिहिते. त्यात तुला काही हाती लागेल असं दिसत नाही.

---

पलीकडचा_टेबल

मी चार्टररच्या बाजूला बसतो, तेव्हा माझं बोलणं जरा जपूनच घ्या.

खतावणीताईंनी रायडर मागितलं ते योग्यच. आमच्या करारांत जेनकॉनचं ते वाक्य आम्ही पहिल्या फटक्यात कापतो. छापील फॉर्म कुणी वाचत नाही, भांडण लागलं की दोन्ही बाजू तोच उघडतात, आणि मग कळतं की रायडरने त्याचे निम्मे दात उपटलेत.

पण पाच दिवसांच्या डिस्पॅचची मागणी मीही पुढे केली नसती. ती 'हॅपी डे'मध्ये आपटलीय. ओडेसाहून कोचीनला गहू. १९९८ च्या सप्टेंबरात जहाज कोचीनबाहेर पोहोचलं, भरती हुकली, आत जाता आलं नाही, तरी कॅप्टनने नोटिस देऊन टाकली. बर्थ चार्टर, म्हणजे नोटिस वेळेआधीची. दुसऱ्या दिवशी बर्थला लागून डिस्चार्ज सुरू झाला तो डिसेंबरच्या २५ पर्यंत चालला. नवीन नोटिस कुणी दिलीच नाही. पहिल्या कोर्टात निकाल असा की नोटिस खोटी, लेटाइम कधी सुरूच झाला नाही, तेव्हा तीन महिने जहाज अडवून ठेवणाऱ्या चार्टररलाच डिस्पॅच! २००२ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने ते उलटवलं. जहाज आलंय, तयार आहे हे चार्टररला दिसत होतं, नोटिसवर हरकत न घेता त्यांनी डिस्चार्ज सुरू केला, तेव्हा हक्क सोडला असं धरलं.

खरं सांगतो, त्या निकालाचा आमच्या बाजूला त्रास नाही झाला. आता आम्ही एजंटला आधीच सांगून ठेवतो: प्रत्येक एनओआरवर "रिसीव्ह्ड, विदाउट प्रेज्युडिस टू चार्टरर्स राइट्स" (मिळाली, चार्टररच्या हक्कांना बाधा न येता) एवढं लिहून सही करायची. नवा_तांडेल, तुमच्या एजंटने तसं लिहिलंय का ते आधी बघा.

आणि अवाजवी मागणीला घाबरू नका. इंग्लंडचा आर्बिट्रेशन अ‍ॅक्ट २०२५ २०२५ च्याच १ ऑगस्टपासून लागू झालाय. त्यानंतर सुरू झालेल्या आर्बिट्रेशनमध्ये ज्या मुद्द्यात दमच नाही तो ट्रायब्युनलला झटपट निकाली काढता येतो. आधीही हे होऊ शकत होतं, पण आर्बिट्रेटर बिचकायचे, नंतर कुणी म्हणेल आमचं ऐकून घेतलं नाही म्हणून. आता अधिकार कायद्यातच लिहिलाय.

---

खतावणी

ठरल्याप्रमाणे बुरशी.

तुझ्या प्रकरणाची जुळी बहीण आहे, 'इटर्नल ब्लिस'. ब्राझीलहून चीनमधल्या लाँगकोऊला सुमारे ७०,००० टन सोयाबीन, २०१५. बंदरात गर्दी, किनाऱ्यावर साठवायला जागा नाही, ३१ दिवस अँकरेजवर. माल गठ्ठे धरला, बुरशी आली. मालकांनी रिसीव्हरशी सुमारे ११ लाख डॉलरवर मिटवलं आणि ती रक्कम चार्टररकडे मागितली. मुद्दा तुझ्या डायरेक्टरांचाच: उशीर तुम्ही केलात, डेमरेज जहाज अडल्याचं, मालाचं नुकसान वेगळं, तेही द्या.

२०२० मध्ये हायकोर्टाने मालकांना कौल दिला. त्या वर्षी आमच्या धंद्यात कुठल्याही दोघी भेटल्या की हाच विषय. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने तो उलटवला. लेटाइमच्या आत माल न उतरवणं हा एकच करारभंग असेल तर त्यापायी होणाऱ्या सगळ्या नुकसानीचा आकडा आधीच ठरलाय, तो म्हणजे डेमरेज. हवं असेल तर करारात वेगळं लिहून घ्या. चार्टररच्या हुकुमाप्रमाणे वागलो म्हणून त्यांनी भरपाई द्यावी, ही मालकांची दुसरी वाटही तिथेच बंद झाली.

मालकांची माणसं अजून या निकालावर नाक मुरडतात. मला तो पटतो. मालाच्या दाव्यांसाठी मालक क्लबला वर्गणी भरतो, जोखमीचा विमा त्याच्याकडे आहे. चार्टररने डेमरेजचा दर मान्य केला तो दर दिवसाला आपल्याला किती पडेल हे कळावं म्हणून. त्यावर आणखी किती येईल ते रिसीव्हरच्या सर्व्हेअरने ठरवायचं असेल तर दर ठरवण्यात अर्थ काय उरला?

तेव्हा तुला दुसरा करारभंग सापडला तरच दार उघडं आहे. रायडरमध्ये चार्टररने मालाच्या आर्द्रतेची हमी दिली आहे का? लोडिंगच्या वेळची सर्टिफिकेटं काढ. माल हमीपेक्षा ओला चढवला असेल तर तो निराळा भंग आणि त्याचं नुकसान निराळं, डेमरेज त्याला झाकत नाही. नुसती रांग असेल तर विसर.

आणि क्लबला एक विचार: तडजोडीची घाई का? रिसीव्हरचा दावा पक्का आहे असं कुणी ठरवलं? सोयाबीन आपल्या आपण तापतं, मालाच्या अंगचा दोष हा हेग आणि हेग-व्हिस्बी (समुद्री मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय) नियमांत वाहतूकदाराचा बचाव आहे. फक्त २०१८ च्या 'व्होल्काफे'नंतर तो सिद्ध करण्याचा भार वाहतूकदारावर आहे. कोलंबियाहून उत्तर जर्मनीला गेलेली कॉफी, कंटेनरमध्ये दव सुटून भिजलेल्या गोण्या. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, माल तुमच्या ताब्यात होता, काळजी घेतलीत हे तुम्ही दाखवा. तुझ्या बाबतीत दाखवायचं म्हणजे व्हेंटिलेशन लॉग: २६ दिवस कोणत्या तासाला हॅचचे व्हेंट उघडे होते, हवेचा आणि होल्डचा ड्यू पॉइंट (दव धरण्याचं तापमान) किती, बंद ठेवले तर का. लॉग असेल तर क्लबच्या हातात वजन आहे. सगळ्या नोंदी एकाच पेनाने एकाच बसणीत लिहिल्यासारख्या दिसत असतील तर मिटवा लवकर.

---

नवा_तांडेल

ताई, रायडर कलम २७ सापडलं. सारांश नाही, मजकूराचा अर्थ जसाच्या तसा देतो: "होल्ड धान्य भरण्यायोग्य, स्वच्छ, कोरडे, गंजाच्या सुट्या पापुद्र्यांपासून मुक्त असावेत. तपासणीत नापास झाल्यास आधी दिलेली एनओआर रद्द समजावी. सर्व होल्ड पास झाल्यानंतर मास्तरने (कॅप्टनने) नवीन एनओआर द्यावी."

कॅप्टनने नवीन दिलेली नाही. पहिल्या एनओआरवर एजंटची सही आहे आणि "अ‍ॅक्सेप्टेड अ‍ॅज पर सीपी" (चार्टर पार्टीप्रमाणे, म्हणजे करारानुसार, स्वीकारली) असं लिहिलंय. लोडिंग सुरू होताना कुणीही काही हरकत नोंदवलेली नाही.

३ नंबरचा फोटो आहे. खालच्या भागाचा. फ्रेम्सच्या मागचा नाही.

आर्द्रतेची हमी रायडरमध्ये नाही.

---

शिट्टी_तीनदा

फ्रेम्सच्या मागचा फोटो कधीच नसतो. तिथे चढायला चेरीपिकर (माणसाला उंच उचलणारा पाळणा) लागतो आणि तो जहाजावर नसतो. खराट्याला बांबू जोडून जेवढं पोचेल तेवढं.

---

खतावणी

झालं तर मग. २७ ने जेनकॉनचं ते वाक्य मारलं. छापील मजकूर आणि खास लिहिलेलं कलम यांत झगडा असेल तर खास लिहिलेलं वरचढ. 'लिनार्डोस' तुला उपयोगाचा नाही, तिथे कलम म्हणत होतं वेळ वजा करा, इथे म्हणतंय नोटिसच रद्द. रांगेतले सहा दिवस गेले, धुक्याचे अडीच गेले. धुक्यावर मी एवढं लिहिलं ते पुढच्या करारासाठी ठेव.

एजंटच्या सहीवर कुणीतरी तुला 'हेल्ले स्कोउ' सुचवेल, म्हणून आधीच सांगते. त्या जहाजात आधीचा माल फिशमील (माशांची पूड), नंतर चढवायची होती दुधाची पावडर. चार्टररने नोटिस स्वीकारली, लोडिंग सुरू केलं आणि मग नाकाला वास आला. माल उतरवा, होल्ड धुवा, परत चढवा. कोर्टाने म्हटलं, एकदा स्वीकारली ती स्वीकारली, आता नाकारता येणार नाही. पण तिथे स्वीकारल्यावर नोटिस आपोआप रद्द करणारं कलम नव्हतं. तुझ्या एजंटने तर "सीपीप्रमाणे" स्वीकारलीय, आणि सीपी म्हणते नापास झालात की रद्द. त्या सहीवर फार भिस्त ठेवू नकोस. मुद्दा म्हणून मांड, हिशेबात धरू नकोस.

आता राहिलं लोडिंग. नवीन नोटिस नाही, आणि 'मेक्सिको १'पासून नियम पक्का आहे की मेलेली नोटिस जहाज नंतर तयार झालं म्हणून आपोआप जिवंत होत नाही. पण इथे पलीकडच्या टेबलाने स्वतःच तुला शस्त्र दिलंय. सर्व होल्ड पास झालेले सगळ्यांना माहीत, हरकत न नोंदवता लोडिंग सुरू, म्हणजे 'हॅपी डे'. लेटाइम फार तर लोडिंग सुरू झाल्यापासून. पाचातले साडेचार वापरले, तर डिस्पॅच अर्ध्या दिवसाचं, पाच दिवसांचं नाही. तेवढं देऊन टाक आणि पत्रात लिही की का देतोयस.

डिस्चार्ज पोर्टचा लेटाइम वेगळा आहे ना, रिव्हर्सिबल (दोन्ही पोर्टचा एकत्र मोजायचा) नाही ना, तेवढं तपास. वेगळा असेल तर तिथली नोटिस स्वच्छ, होल्डचा प्रश्न नाही, रांगेतले दिवस मुभा वजा जाता डेमरेजमध्ये. तुमच्या दाव्याचा कणा तोच आहे. लोडिंग पोर्टची भांडणं त्यात मिसळून त्याला अशक्त करू नका. दोन स्टेटमेंट, दोन पत्रं.

आता ९० दिवस. "लेटाइम स्टेटमेंट आणि इन्व्हॉइस गेलंय" एवढंच तू लिहिलंस. कलमात "सर्व पूरक कागदपत्रांसह" असे शब्द आहेत का? असतील तर २०२० चा 'एमटीएम हाँगकाँग' वाच. मुदत ९० दिवसांचीच, मालकांनी एनओआर, स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स, हिशेब, सगळं वेळेत पाठवलं. बिल ऑफ लेडिंगच्या प्रती तेवढ्या जोडल्या नाहीत, मालाचे आकडे तर स्टेटमेंटमध्ये होते म्हणून. पार्सलांमध्ये (जहाजातल्या मालाच्या वेगवेगळ्या हिश्श्यांत) वेळ मालाच्या वजनाप्रमाणे वाटायची होती आणि वजन बिलावरचं. दावा मुदतबाह्य. सगळाच. रक्कम छप्पन हजार डॉलरच्या आसपास होती, तरी प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं.

---

नवा_तांडेल

शब्द तेच आहेत, "सर्व पूरक कागदपत्रांसह". आम्ही दोन्ही पोर्टचे स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स जोडले होते. एनओआरच्या प्रती आणि बिल ऑफ लेडिंग जोडलेलं नाही. लेटाइम रिव्हर्सिबल नाही.

दावा आम्ही ब्रोकरला पाठवला होता, ब्रोकरने पुढे पाठवला असेल. चालतं ना?

---

पलीकडचा_टेबल

"असेल" हा शब्द आमच्या वकिलांना फार आवडतो.

---

खतावणी

नोटिस कुणाला, कशी द्यायची हे कलम बघ. ब्रोकर चालतो असं तिथे स्पष्ट लिहिलं नसेल तर धरून चालू नकोस. तुझ्याकडे २९ दिवस आहेत, म्हणजे भरपूर आहेत. सगळं नव्याने पाठव: दोन्ही एनओआर, दोन्ही स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स, अँकरेजच्या काळातली प्रोटेस्ट पत्रं, सगळी बिलं ऑफ लेडिंग, चार्टर पार्टी, रिकॅप (ठरलेल्या अटींचा सारांश), दुरुस्त केलेलं स्टेटमेंट. हिशेबातल्या ज्या ज्या आकड्यामागे कागद आहे तो प्रत्येक कागद. थेट चार्टररच्या ऑपरेशन्सच्या पत्त्यावर, प्रत ब्रोकरला, आणि दोघांकडून पोच मागव. पोच आली नाही तर तिसऱ्या दिवशी परत. ईमेल जड होतो म्हणून लिंक पाठवू नकोस, लिंका मरतात. तुकडे करून जोडपत्रं पाठव आणि प्रत्येकावर "१ पैकी ४" असं नको, "४ पैकी १" लिही, मागच्या महिन्यात एकाने उलटं लिहून गोंधळ घातला होता.

आर्बिट्रेशनची वेळ आली तर लहान रकमेच्या वादांना एलएमएएची (लंडनच्या सागरी आर्बिट्रेटरांच्या संघटनेची) स्मॉल क्लेम्स पद्धत आहे, आर्बिट्रेटर एकच आणि फी ठरलेली. पण ते नंतर.

डायरेक्टरांना बुरशीचं मी सांगितलं म्हणून सांग.

---

नवा_तांडेल

सांगितलं. ते म्हणाले, या ताई नक्की कुणाच्या बाजूच्या आहेत?

बिलांच्या प्रती मागवल्यात, आज संध्याकाळी पहिला संच जातोय. पुढच्या फिक्स्चरसाठी (करारासाठी) कलम २७ च्या जागी जेनकॉनचंच वाक्य ठेवा, असं चार्टरिंगवाल्यांना लिहिलंय. त्यांचं उत्तर आलं, "धान्यात हे कुणी मान्य करत नाही." पलीकडचा_टेबल, खरंच कुणी करत नाही का?

---

पलीकडचा_टेबल

बाजारात जहाजं कमी असतील तेव्हा करतो. मधला तोडगा असा: पहिल्याच तपासणीत नापास झालेल्या होल्डपुरता वेळ प्रमाणात वजा, पास झालेल्या होल्डमध्ये लोडिंग सुरू. पाचांतले तीन पास असताना अख्खी नोटिस रद्द करणं आम्हालाही पुष्कळदा अडचणीचं होतं, कारण मग पुढच्या नोटिसची वाट बघत शिपरचा (माल पाठवणाऱ्याचा) माल ट्रकमध्ये उभा राहतो. हे लिहून पाठवा. पहिल्या मसुद्यात नाही म्हणेन, दुसऱ्यात बघू.